वाटी

परवा दुपारी लाइट गेले. मोबाइलची बॅटरीही संपत आलेली, म्हणून जमिनीवर पाय लांब करून बसले आणि हात आपसूक गुडघ्यावर गेला. वाटी हलवायला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. तुम्हीही हलवता, नाही म्हणू नका.

पाय सैल सोडला की ती ताकावरच्या लोण्यासारखी सरकते. मांडी जरा आवळली की जागच्या जागी गच्च, मग अंगठ्याने कितीही रेटा. हा खेळ मी आजीच्या गुडघ्यावर शिकले. चिपळूणच्या घरी ती पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडायला बसायची, पाय पुढे पसरून, लुगडं गुडघ्यापर्यंत आलेलं. मी शेजारी लोळत तिची वाटी ढकलायचे. फार झालं की सुपातलाच एक खडा माझ्या अंगावर यायचा. "निसटली तर बसवून देणार आहेस का गो?"

लॅटिनमध्येही हिला पटेला, म्हणजे छोटी ताटलीच म्हणतात. आहे मात्र मांडीच्या मोठ्या स्नायूच्या कंडरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीत, अडकलेलं एक सुटं हाड. तान्ह्या बाळात तर तेही नसतं, नुसती मऊ, लवचीक कूर्चा. सगळा रांगण्याचा काळ पोरं कूर्चेवर काढतात. आणि "तिच्या दोन्ही वाट्या बदलल्या" असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. अहो, बदलतात ती मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची टोकं. वाटी बहुधा स्वतःचीच राहते, फार तर पाठीमागून प्लॅस्टिकची चकती लावतात. पण लग्नाच्या पंगतीत हे सांगणाऱ्या बाईशेजारी कुणी बसत नाही.

मला हे ठाऊक आहे ते मामेबहिणीमुळे. मे महिना, देवळामागचं मैदान, खो-खो. ती खांबाला वळसा घालत होती. पाऊल मातीत रुतलं, अंग फिरलं आणि ती मटकन खाली बसली. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला भलताच उंचवटा, आणि वाटीच्या जागी खळगा. धाकट्या मामाने टाच धरून पाय हळूहळू सरळ केला, तेव्हा टक् असा आवाज आला. तो आवाज अजून कानात आहे.

वाटी निसटते ती जवळजवळ नेहमीच बाहेरच्या बाजूला. वरून मांडीचा स्नायू तिरका येतो, खालची दोरी नडगीकडे सरळ उतरते. ताण बसला की ही वाकडी दोरी सरळ व्हायला बघते आणि मधल्या वाटीला बाहेर ढकलते. गुडघा तीसेक अंश वाकला की ती मांडीच्या हाडातल्या खोबणीत बसते, मग चिंता नाही. त्याआधी मात्र तिला मुख्यतः धरून ठेवते ती आतल्या बाजूची पाच-सहा सेंटिमीटरची एक पातळ लिगामेंट, हाडाला हाड बांधणारी पट्टी. मीडियल पटेलोफिमोरल लिगामेंट हे नाव इतकं लांबलचक की फिजिओसुद्धा एमपीएफएल म्हणून मोकळे होतात. 1979 साली वॉरन आणि मार्शल या डॉक्टरांनी गुडघ्याच्या आतल्या अंगाचे तीन थर वेगळे करून दाखवले, त्यात ही मधल्या थरात. म्हणजे पाय लांब करून आपण निवांत बसतो, तेव्हा वाटी जवळजवळ हिच्याच भरवशावर.

बहिणीची ती पट्टी त्या दिवशी फाटली आणि भरली ती सैलच. दुसऱ्यांदा वाटी निसटली कॉलेजच्या जिन्यात, तिसऱ्यांदा स्वतःच्या हळदीला. गुडघ्याला बाशिंग बांधून बसली होती म्हणून सगळे हसले, तीही हसली. मग मांडीमागची एक कंडरा काढून नवी पट्टी ओवली. आता ठणठणीत आहे. तरी घाईत वळायचं झालं की तिचा तळवा आधी गुडघ्याच्या आतल्या बाजूला जातो. तिच्या ते लक्षातही येत नाही.

त्या दिवशी ती माझ्याच मागे धावत होती. खांबाशी मी मुद्दाम रेंगाळले होते, ती जोरात वळावी म्हणून. हे तिला अजून सांगितलेलं नाही.