तुम्ही विचारलंत म्हणून: सोलापूरच्या उन्हात अंतराळजहाजं रंगवायची कशी?

‘स्प्रे मारला की सगळं रवाळ होतं ओ, तुमचं कसं गुळगुळीत येतं?’ मार्च लागला की हा प्रश्न हमखास येतो. त्याच्या मागोमाग दुसरा असतो: ‘आणि एवढं रंगवून त्याचं करायचं काय?’ दोन्हींचं उत्तर इथे एकदाच लिहून ठेवतो. टेबलावरच्या युद्धखेळांत वापरतात ती बोटभर लांबीची अंतराळजहाजं, हा विषय. धातूची असोत, रेझिनची असोत की थ्रीडी प्रिंटरवर काढलेली.

आधी रवाळपणाचं. स्प्रे कॅनमधून प्राइमर, म्हणजे रंग धरावा म्हणून आधी द्यायचा अस्तराचा थर, थेंबाथेंबाने उडतो आणि जहाजावर ओला पोचून पसरतो, तेव्हाच तो सपाट बसतो. दुपारी पारा 40 च्या वर आणि हवा कोरडी ठणठणीत असली की थेंबातलं द्रावक वाटेतच उडून जातं. जहाजावर पोचते ती कोरडी भुकटी. ती चिकटते खरी, पण बोट फिरवलं की पॉलिश पेपरसारखी लागते, आणि वरून कितीही रंग दिला तरी खरखर जात नाही. म्हणजे दोष कॅनचाही नाही आणि तुमच्या हाताचाही नाही. चुकते ती वेळ आणि अंतर.

उन्हाळ्यात स्प्रे पहाटे सहा ते साडेसात या वेळात मारायचा. तेव्हा गच्चीची फरशी तापलेली नसते आणि वाराही पडलेला असतो. कॅन रात्रभर घरात, थंड फरशीवर ठेवायचा. कॅनवर साधारण 20 ते 30 सेंटिमीटर अंतर लिहिलेलं असतं, पण ते मध्यम हवेसाठी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये 15 ते 20 वर यायचं. कॅन दोन मिनिटं सलग हलवायचा, आतली गोळी खुळखुळायला लागल्यापासून दोन मिनिटं. फवारा जहाजाच्या बाहेर सुरू करायचा, जहाजावरून सर्रकन न्यायचा आणि बाहेरच थांबवायचा. एका हातात सगळं झाकायचं नाही. पातळ दोन-तीन हात द्यायचे, मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्यायची. जवळून मारताना हात रेंगाळला तर पॅनेलच्या बारीक खाचा भरून जातात, आणि अंतराळजहाजावर खाचा हेच तर सगळं सौंदर्य. तरीही रवाळ झालंच, तर प्राइमर पुरता वाळल्यावर जुन्या टूथब्रशने कोरडंच घासा. वरची सैल भुकटी निघते आणि बरंचसं सावरतं. नाहीच सावरलं तर काढून टाकून पुन्हा.

सप्टेंबरात अडचण उलटी होते. आपल्याकडे पावसाचा खरा जोर त्याच महिन्यात. हवा दमट असताना मॅट व्हार्निशचा, म्हणजे रंगावरच्या न चमकणाऱ्या संरक्षक थराचा, स्प्रे मारला की जहाजावर पांढुरकं सावट बसतं, काळ्या रंगावर तर लगेच दिसतं. व्हार्निशचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकून घ्यावं, सकाळी नऊ-दहाला, दव उडाल्यावर. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला हवा याला सगळ्यात चांगली. थांबणं शक्यच नसेल तर ब्रशने लावायचं व्हार्निश घ्या. आणि स्प्रेचे कॅन उन्हातल्या गाडीत ठेवू नका. 50 अंशांच्या वर जाऊ देऊ नका असं त्यावर छापलेलं असतं, आणि मे महिन्यात बंद गाडी तो आकडा सहज ओलांडते.

गाडीवरून आठवलं, पीएलए या प्लास्टिकची थ्रीडी छपाई साधारण 55 ते 60 अंशांना मऊ पडायला लागते. डिकीत राहिलेल्या ताफ्याच्या माना वाकलेल्या मिळतात. रेझिनची छपाई असेल तर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवायची, हातमोजे घालून, आणि मग अतिनील प्रकाशात पक्की करायची. हा प्रकाश सोलापुरात फुकट आहे, त्यासाठी वेगळा दिवा घ्यायची गरज नाही. फक्त दुपारी बाराला उघड्यावर ठेवलं की अँटेना आणि तोफांच्या नळ्या वेड्यावाकड्या होतात. काचेच्या बरणीत पाणी घालून त्यात जहाज बुडवा आणि सकाळच्या उन्हात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मधून फिरवत राहा. पाण्यामुळे ते तापत नाही. धुतलेलं अल्कोहोल मोरीत ओतायचं नाही, आणि ते पेट घेतं म्हणून गॅसजवळही नको. साच्यातल्या रेझिनला आणि धातूला मात्र कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि टूथब्रश एवढं पुरतं. साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग नखाने निघतो.

आता ब्रशचं काम. इथेही शत्रू तोच: रंग पॅलेटवर वाळतो, ब्रशच्या टोकावर वाळतो. त्यावर ओलं पॅलेट हवंच. घट्ट झाकणाचा मिठाईचा पसरट डबा घ्या, तळाशी पातळ स्पंज किंवा चार पदरी टिश्यू भिजवून घाला आणि वर बेकिंगचा कागद अंथरा. मेणाचा कागद चालत नाही, त्यातून ओल वर येतच नाही. पाणी फिल्टरचं घ्या. बोअरच्या पाण्यातले क्षार रंगात उतरतात आणि वाळल्यावर पांढरे डाग धरतात, ब्रश धुवायच्या पाण्यालाही हेच लागू. काम संपलं की डबा फ्रिजमध्ये. दोन-तीन दिवस रंग ओला राहतो, त्यानंतर वास यायला लागतो, तेव्हा सगळं बदला.

पंखा बंद. घाम येईल, इलाज नाही. कूलर चालेल, पण झोत टेबलावर नको. कूलरच्या दमट हवेत रंग उलट थोडा जास्त वेळ ओला राहतो. ब्रश शून्य नंबरचा घेऊ नका, बारीक कामालाही नाही. त्याच्या पोटात रंगच मावत नाही, जहाजापर्यंत नेईतो टोक सुकतं. टोक चांगलं असलेला एक किंवा दोन नंबरचा गोल ब्रश घ्या. आणि एक खास आपल्या गावची सूचना. ब्रश पुसायला हाताशी जुना सोलापुरी टॉवेल असतोच, तो बाजूला ठेवा. त्याचे तंतू ब्रशला लागतात, तिथून ओल्या रंगात जातात आणि वाळल्यावर जहाजाला दाढी फुटल्यासारखी दिसते. जुन्या बनियनचा तुकडा बरा.

रंगवताना पहिला निर्णय रंगाच्या उजळपणाचा. अंतराळ म्हणून काळं कापड अंथरायचं आणि त्यावर काळं-करडं जहाज ठेवायचं, म्हणजे तीन फुटांवरून काहीच दिसत नाही. मूळ रंग मध्यम उजळ ठेवा: फिकट करडा, मातकट पांढरा, गंजका तांबडा. ताफा ओळखू यावा म्हणून एकच भडक पट्टा, सगळ्या जहाजांवर त्याच जागी. नवख्यांची जहाजं बहुधा चार-पाच रंगांत रंगवलेली असतात, आणि टेबलावर त्यांचा गोंधळ होतो.

मूळ रंगावर गडद वॉश द्यायचा, म्हणजे खाचांत साचून सावली देणारा पातळ रंग. उन्हाळ्यात सगळ्यात जास्त जहाजं इथे बिघडतात. पूर्ण जहाजावर एकदम वॉश ओतला की कडा आधी वाळतात, मधला रंग नंतर, आणि सपाट पॅनेलवर चहाच्या कपाखाली उमटावेत तसे गोल डाग पडतात. म्हणून एका वेळी एकच भाग घ्या, आधी एक बाजू, मग पाठ, मग पोट. वॉश पातळ करायला पाण्याऐवजी अ‍ॅक्रेलिक मीडियम, म्हणजे रंग नसलेलं अ‍ॅक्रेलिक, वापरा, अर्ध्याला अर्धं. लावल्यावर लगेच कोरड्या ब्रशने सपाट जागेवरचा जास्तीचा वॉश टिपून घ्या. खाचेत राहील तेवढाच हवा. डाग पडलाच तर ओल्या ब्रशने घासू नका, तो आणखी पसरतो. मूळ रंगाचा पातळ हात देऊन पॅनेल पुन्हा सपाट करा.

वॉश वाळल्यावर ड्रायब्रश. ब्रशवरचा रंग कागदावर जवळजवळ संपवायचा आणि उरलेला फक्त उठावाच्या कडांवर ओढायचा, जहाजाच्या लांबीच्या आडवा.

खिडक्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण जहाज मोठं वाटतं की खेळण्यातलं, ते इथे ठरतं. समजा प्रमाण 1:3000 आहे. या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका म्हणजे दीड मीटरची खिडकी, हे पटतं. एक मिलिमीटरचा ठिपका म्हणजे तीन मीटर, अख्खा मजलाच झाला. ब्रशने अर्धा मिलिमीटर साधणं अवघड; टूथपिक तासून टोकदार करा किंवा बारीक निबचं पांढरं पेन घ्या. आणि प्रत्येक खिडकी पेटवू नका. सलग तीन, मग दोन सोडून एक, मग बराच अंधार, अशी. सगळ्या पेटल्या की लग्नाचा मांडव होतो.

इंजिनाचा उजेड बहुतेक जण उलटा रंगवतात. सर्वांत प्रखर भाग नळकांड्याच्या आत खोलवर असतो, कडेला नाही. आत पांढरा, त्याबाहेर फिकट निळा, ओठाशी गडद निळा. बाहेरच्या पत्र्यावर उजेड सांडलेला दाखवायचाच असेल तर फक्त जवळच्या कडांवर, ड्रायब्रशने, अगदी कमी.

स्टँडबद्दल, म्हणजे जहाज ज्या दांडीवर आणि तळावर उभं राहतं त्याबद्दल, थोडंसं. झटपट गोंद हवेतल्या ओलाव्याने धरतो, त्यामुळे मे महिन्यात तो धरायला वेळ घेतो. घाईने जास्त ओतला की पारदर्शक दांडीवर पांढरी वाफ बसते. पारदर्शक भागाला दोन नळ्यांचा इपॉक्सी वापरा. जड धातूचं जहाज असेल तर तळाखाली एक लोखंडी वायसर चिकटवा, नाहीतर टेबलाला गुडघा लागला की आडवं. जहाज आणि दांडीमध्ये 5 बाय 2 मिलिमीटरचं चुंबक बसवलं तर वाहतूक सोपी होते. चिकटवण्याआधी सगळ्या चुंबकांच्या एकाच बाजूला मार्करने खूण करा, नाहीतर एखादं जहाज दांडीला ढकलत बसतं.

आता दुसरा प्रश्न, करायचं काय. ‘फुल थ्रस्ट’ हा अंतराळजहाजांच्या लढाईचा खेळ. त्याचे नियम इंटरनेटवर फुकट मिळतात आणि कोणत्याही कंपनीची, किंवा घरी जोडलेली, जहाजं त्यात चालतात. त्याची गंमत अशी की जहाजाला वेग असतो आणि तो आपोआप कमी होत नाही. प्रत्येक जण पुढची हालचाल गुपचूप लिहितो, मग सगळी जहाजं एकदम सरकतात. दिशा घड्याळाच्या बारा आकड्यांवर मोजतात, एक आकडा म्हणजे 30 अंश. समजा क्रूझरचा, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धजहाजाचा, वेग 8 आणि थ्रस्ट, म्हणजे एका फेरीत वेग किंवा दिशा बदलायचा इंजिनाचा जोर, 4 आहे. थ्रस्टचा जास्तीत जास्त अर्धा भाग वळायला मिळतो. तुम्ही लिहिलंत: वेग 2 ने वाढव, डावीकडे 2. मग जहाज आधी एक आकडा वळेल, 5 एकक जाईल, पुन्हा एक आकडा वळेल आणि उरलेले 5 जाईल. नवे लोक वेग 20 वर नेतात. थ्रस्ट 4 असलेल्या जहाजाला तिथून थांबायला पाच फेऱ्या लागतात, आणि तोवर ते टेबलाबाहेर गेलेलं असतं. पहिल्या खेळात 6 च्या आसपास सुरुवात करा.

मारा फाशांनी. दुसऱ्या वर्गाची किरणतोफ 12 एककांपर्यंत दोन फासे टाकते, 24 पर्यंत एक. ढाल नसेल तर 4 किंवा 5 ला एक घाव, 6 ला दोन. प्रत्येक घावाला जहाजाच्या कागदावरची एक चौकट खोडायची; चौकटींची एक ओळ भरली की तोफ, इंजिन अशा प्रत्येक यंत्रणेसाठी फासा टाकायचा. पहिल्या ओळीनंतर 6 आला की ती यंत्रणा बंद. इंजिनाचा मात्र पहिल्या वेळी जोर फक्त निम्मा होतो; ते पुरतं गेलं की वळता येत नाही, आणि सुंदर रंगवलेलं जहाज नाक समोर ठेवून शत्रूच्या ताफ्यातून सरळ निघून जातं. खेळाची खरी मजा तीच.

एकक इंच धरायचं की सेंटिमीटर, ते जागेवर ठरवा. सहा बाय चार फुटांची सतरंजी मोकळी असेल तर इंच. जेवणाच्या टेबलावर सेंटिमीटरने सहा-सात सेंटिमीटरची जहाजं एकमेकांत अडकतात. तिथे दोन सेंटिमीटर म्हणजे एक एकक धरलेलं बरं. मोजायचं नेहमी दांडीपासून, जहाजाच्या नाकापासून नाही.

कापडाला आपल्या गावात काय तोटा! पण चादर नको, तिची नक्षी डोळ्यांत भरते आणि जहाजं हरवतात. कापडाच्या दुकानांच्या चाटी गल्लीत काळं, न चमकणारं सूटिंगचं कापड बघा. 58 इंच पन्ह्याचं दोन मीटर घेतलं की सहा बाय चार फूट निघून कडा दुमडायलाही उरतं. सुती घेतलं तर चुण्या पडतात आणि स्टँड डुगडुगतात. तारे पाडायला पांढरा अ‍ॅक्रेलिक दुधाइतका पातळ करा, टूथब्रश बुडवा, आधी रद्दीवर झटका, मग कापडावर अंगठ्याने उडवा. काही जागी दाट, काही जागी अगदी विरळ. पहिला झटका रद्दीवर नाही दिला तर मध्यभागी रुपयाएवढा सूर्य उगवतो. तसं झालंच तर त्यावर ग्रह रंगवा आणि त्याच्याआडून मारा करता येणार नाही, असं दोघांनी आधीच ठरवून घ्या.

पहिल्या खेळाला प्रत्येकी तीन जहाजं पुरेत, एक क्रूझर आणि दोन छोटी. दोन तासांत निकाल लागतो.