तुम्ही विचारलंत म्हणून: पाइप हजाराचा, मग तपासणीचे पैसे कसले?

‘स्कॅनर लावला की कळतं ना सगळं? मग गाडी दिवसभर कशाला ठेवता?’ साताऱ्यात गॅरेज चालवतो, टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, असलेल्या डिझेल गाड्या जास्त येतात, आणि हे ऐकल्याशिवाय आठवडा जात नाही. बिल हातात पडलं की पुढचा प्रश्न: स्वस्तातला पाइप बदललात, मग तपासणीचे पैसे कसले?

स्कॅनर पी०२९९ हा बिघाडाचा कोड दाखवतो. म्हणजे इंजिनाने मागितला तेवढा हवेचा दाब मिळाला नाही, इतकंच. हवा कुठे गळते ते शोधायचं माणसाने. रबरी पाइप, क्लिपा, दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या प्लास्टिक टाकीचा सांधा, टर्बोचा दाब कमीजास्त करणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरची व्हॅक्यूमची बारीक नळी, नाहीतर खरंच टर्बो. कोड सगळ्यांना तोच.

गेल्या पावसाळ्यात एक काका आले. खंबाटकी चढताना गाडी ओढत नव्हती, मागे काळा धूर. दुसऱ्या एका गॅरेजात पाइपात तेल दिसलं म्हणून टर्बो गेला असं सांगून नवा बसवला होता. अहो, इंजिनातली तेलकट वाफ ब्रीदरच्या नळीतून त्याच वाटेने जाते; तेलाचा पातळ थर चांगल्या गाडीतही दिसतो. नवा टर्बो घेऊनही घाटात तोच धूर.

इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर पाहिला. साताऱ्याच्या उंचीवर ०.९३ बारच्या आसपास दाखवायला हवा, तसा दाखवला, सेन्सर बरोबर. टर्बोच्या तोंडाला बूच लावून रेग्युलेटरने एक बार हवा भरली, सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं. फेस नाही. मग गाडी चढावर तापवून आणली आणि गरम इंजिनावर पुन्हा हवा भरली. इंटरकूलरच्या खालच्या वळणावर, क्लिपेला लागून, बुडबुडे आले. पाइप काढून वाकवला की नखाएवढी चीर उघडायची, सोडला की मिटायची. गार असताना ती दिसणारच नव्हती. तशीच राहिली असती, तर कमी पडणारा दाब भरून काढायला नवा टर्बो जास्त वेगाने फिरून झिजला असता.

बिल पाहून काका चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, ‘पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून पाच मिनिटांत भोक दाखवतो. ही लूट आहे.’ टर्बोला त्यांनी कितीतरी पट पैसे मोजले होते, निमूटपणे. तिथे हातात नव्या पार्टचं खोकं आलं होतं. लूट म्हणाले ते लागलं मला. अजून लागतं.

धंदा सुरू केला तेव्हा मी तपासणी फुकट करायचो. तेव्हाचा मी म्हणतो, माणूस विश्वासाने दारात येतो, बघायचे कसले पैसे? मी त्याला सांगतो, फुकट बघणाऱ्याला शेवटी पार्ट विकावाच लागतो; काकांना टर्बो तसाच विकला गेला असेल. यावर तो विचारतो, दिवस घालवून गळती सापडलीच नाही तर? गिऱ्हाइकाने कशाचे पैसे द्यायचे?

याला माझ्याकडे धड उत्तर नाही. वेळ तर गेलेलाच असतो, दिवाबत्ती आणि पोरांचा पगार थांबत नाही. सध्या अशा वेळी निम्मे घेतो. बायको म्हणते पूर्ण घ्या, भाऊ म्हणतो एक पैसाही घेऊ नकोस, आणि दोघांचंही मला पटतं.