काळी चार की पांढरी सहा?

मी पियानो जुळवतो. सांगलीहून फोन आला तेव्हा तक्रार पियानोची नव्हती, मुलीची होती. ११ वर्षांची पोर. ५ वर्षांची असल्यापासून इलेक्ट्रिक कीबोर्डवर बसणारी, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा उत्तम गुणांनी काढणारी. घरच्यांनी हौसेनं जुना उभा पियानो आणला, तर त्याला हात लावेना. शिकवणाऱ्यांनी ‘हट्टी आहे’ म्हणून विषय संपवला होता.

पियानो माडीवर होता. २०१९च्या पुरात खालच्या खोल्या बुडाल्यापासून या घरात किमती वस्तू खाली ठेवत नाहीत. म्हटलं, बाळा, एकदा वाजव. तिनं बाख या संगीतकाराचा सी मेजरचा प्रेल्यूड, म्हणजे छोटी रचना, धरला आणि लगेच थांबली. ‘काका, बोट ‘सी’ स्वरावर आहे आणि ऐकू त्याच्या खालचा ‘बी’ स्वर येतोय.’

स्वर मोजणारा ट्यूनर लावला. पांढरी सहा, म्हणजे सप्तकातला सहावा पांढरा स्वर, सेकंदाला ४४० कंपनांवर हवी, ती ४१५च्या आसपास. अर्धा स्वर खाली, म्हणजे पांढरी सहातून तिच्या अलीकडचा काळा स्वर, काळी चार, बोलत होती. आपापसात तारा मात्र सुरात. आधी जुळवणाऱ्यानं तारा तुटायच्या भीतीनं पट्टीच, म्हणजे सगळ्या स्वरांची उंची, उतरवून ठेवली होती, आणि घरी कुणाला सांगितलं नव्हतं. पट्टी उतरवायला माझी हरकत नाही, न सांगण्याचा मला अजून राग आहे. त्यापायी लेकरावर शिक्का बसला.

आमच्या मिरजेत पट्टीचं कुणाला काही वाटत नाही. गायक म्हणेल तिथं सा. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब राहिले त्या गावात मी लहानपणापासून तंबोरे वर-खाली होताना ऐकलेत. या मुलीचं तसं नाही, तिला प्रत्येक स्वर न बघता नावानिशी ओळखू येतो. तिला पाठमोरी बसवून मी चार-पाच स्वर एकदम दाबले. तिनं सगळे सांगितले, अर्थात मी दाबले ते नव्हे, कानावर पडले ते.

मग वडिलांना समोर बसवलं. अर्धा स्वर चढवायचा म्हणजे प्रत्येक तारेवर साधारण १२ टक्के जादा ताण. तारा दोनशेच्या वर, सगळ्यांचा मिळून ताण टनांत मोजायचा. बिडाची चौकट धड होती, खुंट्या लाकडात घट्ट. तारांना गंज होता. काही तुटतील म्हटलं, पण चढवू.

हे एका फेरीत होत नाही. शेवटच्या तारा ओढेपर्यंत पहिल्या उतरतात, कारण ताणानं आतली स्वर घुमवणारी फळीच दबते. म्हणून पहिल्या फेरीत मुद्दाम थोडं पुढं नेऊन सोडायचं. वरच्या स्वरांना तीन-तीन तारा. फेल्टची पाचर घालून दोन गप्प करायच्या, एक लावायची, मग बाकीच्या तिला मिळवायच्या. आणि खुंटी चढवण्याआधी केसभर खाली घ्यायची, म्हणजे गंजानं धरलेली तार सुटते. ही माझ्या वडिलांची शिकवण. तरी वरच्या सप्तकात काही तुटल्याच. मुलगी दिवसभर शेजारी उभी. ट्यूनरचा काटा थांबायच्या आत ‘आला’ म्हणायची.

संध्याकाळी तिनं प्रेल्यूड शेवटपर्यंत वाजवला. कीबोर्डवर वाढलेल्या मुलाचा इतका हलका हात मी ऐकला नव्हता.

चढवलेल्या तारा काही महिने उतरत राहतात. पावसाळ्यात फळी फुगून स्वर चढतो, उन्हाळ्यात पडतो. मी जात राहीन. पण ग्रँड पियानोवर बसवून पुढचं शिकवणारं इथं कोण आहे? वडिलांनी विचारलं, मुंबईला पाठवू का? मी म्हटलं, पाठवा. आई म्हणाली, ११ वर्षांची आहे हो ती. तेव्हापासून दोघांचंही बोलणं डोक्यातून जात नाही. परवा नव्या तारा बसवायला जायचंय, ते पुन्हा विचारणार.