बिळात गेलेले फेरेट परत कसे आणतात?

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या माळावर दिसणारा आपला ससा बिळे खणत नाही. तो गवतात दबून बसतो, आणि त्याची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरते. ब्रिटनमधले पिके खाणारे ससे मात्र जमिनीखाली वसाहत करून राहतात आणि ते पकडण्यासाठी मुंगसाच्या चणीचे फेरेट बिळात सोडतात, हे हरभरा राखणाऱ्या आमच्या गावकऱ्यांना सांगितले की पहिला प्रश्न येतो: ते परत आलेच नाही तर?

प्रश्न रास्त आहे. बिळांच्या तोंडांवर जाळी लावलेली असते आणि फेरेटाच्या भीतीने पळणारा ससा त्यात अडकावा अशी अपेक्षा असते. परंतु बंद टोकाच्या बोगद्यात ससा आतच मारला गेला, तर फेरेट तेथेच ठाण मांडते, खाते आणि झोपी जाते. म्हणूनच सशांच्या पिल्लांचा हंगाम टाळून हे काम बहुधा हिवाळ्यात करतात, आणि फेरेटाला उपाशीही ठेवत नाहीत व तुडुंब खाऊही घालत नाहीत. पूर्वी आत राहिलेल्या फेरेटाच्या शोधात दुसऱ्या थोराड नर फेरेटाला दोरी बांधून आत सोडत आणि दोरीच्या मागाने खणत. दोरी मुळ्यांत अडकण्याचा धोका पाहता ही रीत मला तरी पटत नाही. आता फेरेटाच्या गळपट्ट्यातील ट्रान्समीटरचे संकेत हातातल्या यंत्रावर जागा व खोली दाखवतात, मात्र त्याची बॅटरी घरून निघण्यापूर्वीच तपासलेली असली पाहिजे. तरीही फेरेट सापडले नाही, तर बाकीची तोंडे बुजवून एका तोंडाशी त्याच्या अंथरुणासह पेटी ठेवतात आणि सकाळी येऊन तीत पाहतात.