टाळलेली सुई

"तोंड उघडा" म्हटल्यावर नानांनी उघडलं, म्हणजे त्यांच्या परीनं उघडलं. एरवी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं एकावर एक मावतात. नानांच्या दातांमध्ये माझी करंगळी अडली. डाव्या गालात आतून कॅन्सर, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून सुपारी-गुटख्यानं दोन्ही गाल आतून आवळत गेलेले. निफाड तालुक्यातले द्राक्षबागायतदार, वय ५२, वजन ५८ किलो. "मिसळ खाताना तोंड भगभगतंय म्हणायचे, तेव्हाच कळायला पाहिजे होतं," नानांसोबत आलेल्या मावशी म्हणाल्या. ही भगभग म्हणजे या दुखण्याची सुरुवातीची खूण. पण नाशकात मिसळ तिखट लागली म्हणून डॉक्टरकडे कोण जातं? गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. नानांना पुडी कधी कमी पडली नव्हती.

मी भूलतज्ज्ञ. शहरातल्या ज्या हॉस्पिटलात हे ऑपरेशन होतं, तिथं कॅन्सरच्या अशा केसेस आठवड्याला येतात, त्यामुळे आदल्या संध्याकाळी मी जरा सराईतपणेच समजावून सांगत होते. नाकातून पातळ दुर्बीण जाईल, तिच्यावरून श्वासाची नळी सरकवू, आणि हे सगळं तुम्ही जागे असताना. नाना घट्ट दातांतून म्हणाले, "ताई, एकदाचं झोपवून टाका, मंग काय करायचं ते करा."

घोडं तिथंच तर अडतं. पूर्ण भूल दिली की घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागं पडते, श्वास थांबतो. मग मास्कनं हवा आत जाईलच याची अशा घशात खात्री नाही. म्हणजे आधी दोर कापायचा आणि मग कडा किती खोल आहे ते बघायचं. म्हणून माणसाचा स्वतःचा श्वास नळी जागेवर बसेपर्यंत त्याच्याकडेच ठेवायचा.

नाना ऐकत होते, ऐकत नव्हतेही. ऑक्टोबरची छाटणी मजुरांवर टाकून आले होते. पण मी गळ्यावर बोट ठेवून म्हटलं, "इथं एक बारीक सुई, आतून बधिर करायला," तेव्हा त्यांनी माझा हातच धरला. "गळ्यात सुई नको ताई." डोळ्यांत पाणी. आणि मी म्हणून गेले, "बरं, बघू. त्याच्याशिवाय जमवू."

इथं चूक झाली. पुढचं सगळं तिच्यापायी.

सकाळी तयारी नेहमीसारखी. लाळ सुकायला ग्लायको, नाकात थेंब, मग बधिर करणारं झायलोकेन, ४ टक्क्यांचं ४ मिली नेब्युलायझरमधून. दातांच्या फटीतून त्याच्याच १० टक्के स्प्रेचे सहा फवारे, एका फवाऱ्यात १० मिलिग्रॅम. नाकात जेली. रेसिडेंट कागदावर बेरीज मांडत होती, कारण किलोमागे ९ मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही, नाहीतर झटके येऊ शकतात, हृदयावर परिणाम होऊ शकतो. सर्जन हातमोजे घालून उभे, गळ्यावर पेननं खूण केलेली. वेळ आलीच तर बाहेरून श्वासनलिका उघडायची.

शांत राहण्यासाठी डेक्समेड. किलोमागे १ मायक्रोग्रॅम, दहा मिनिटांत हळूहळू. परदेशातल्या लेखांत यासाठी रेमिफेंटानिलचं फार कौतुक असतं, आमच्या कपाटात ते नसतं. डेक्समेडची मजा अशी की माणूस झोपल्यासारखा दिसतो, हाक मारली की डोळे उघडतो, आणि श्वास बराचसा शाबूत राहतो. नाडी मात्र उतरते. नानांची ९६ वरून ६० वर आली. "नाना, छाटणी कुठवर आली?" विचारलं तर दोन बोटं वर केली. दोन एकर झाली असावी.

दुर्बीण नाकातून घशात उतरली. पडद्यावर एपिग्लॉटिस, म्हणजे श्वासनलिकेच्या तोंडावरची झडप, दिसला, त्याच्यामागं स्वरतंतूंची पांढरी कमान. टोक तिथवर नेलं आणि नाना असे खोकले की पडदाच लाल झाला. हात वर आला, रेसिडेंटनं धरला. पुन्हा प्रयत्न, पुन्हा खोकला.

"मॅडम, फेंटा देऊ?"

"पन्नास दे."

दोन शब्द, विचार न करता. फेंटा म्हणजे फेंटानिल, खोकला दाबतं, पण श्वासही दाबतं. वर आधी १ मिलिग्रॅम मिडाझ, तेही गुंगीचंच, गेलं होतं, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हतं. नाना छान शांत झाले. मीही खूष झाले, आणि हीच तर फसगत. तीसेक सेकंदांनी मॉनिटरचा सूर खाली यायला लागला, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, सॅच्युरेशन, उतरत होतं. तो आवाज भूलवाल्यांना झोपेतही ऐकू येतो. ९८, ९५, ९१. छाती हलत नव्हती.

दुर्बीण बाहेर. डेक्समेड बंद. जबडा दोन्ही हातांनी पुढं ओढला, ऑक्सिजन वाढवला. ८६. सर्जनांनी काही न बोलता ब्लेड हातात घेतलं. रेसिडेंट फेंटाचा उतारा, नॅलॉक्सोन, भरत होती, तिचा हात थरथरत होता. मी नानांच्या कानाशी तोंड नेऊन, ऑपरेशन थिएटरात कधी ओरडत नाही तशी ओरडले, "नाना! श्वास घ्या!"

घेतला. एक. मग थांबले. पुन्हा ओरडले, पुन्हा घेतला. चारपाच मिनिटं मी नुसती ओरडत होते. सॅच्युरेशन वर चढलं, नॅलॉक्सोन ट्रेमध्येच राहिलं. सर्जनांनी ब्लेड खाली ठेवलं, पण हातमोजे काढले नाहीत.

मग मी स्टुलावर बसले. नाना खोकले होते ते भीतीनं नाही, स्वरतंतूंच्या खालचा भाग बधिर नव्हता म्हणून. तो बधिर करणारी सुई मी दयेपोटी टाळली, आणि राहिलेली कसर गुंगीच्या औषधानं भरून काढायला गेले. ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीनं २०१९ सालच्या मार्गदर्शनात हेच लिहिलंय, बधिरीकरण अपुरं पडलं तर त्याची भरपाई गुंगीनं करू नका. मी ते विद्यार्थ्यांना शिकवते. स्लाइड करून.

केस पुढं ढकलावी का, हा विचार आला. पण नाना आता हाकेला ओ देत होते, सॅच्युरेशन ९९. मी त्यांना विचारलं, "नाना, गळ्यात ती सुई द्यावी लागेल. देऊ?" बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि होकाराची मान हलवली. आधी चामडीत बारीक सुईनं बधिर केलं. मग कंठमण्याच्या खालच्या खळग्यातून सुई आत, सिरिंजमध्ये हवेचे बुडबुडे आले, ४ टक्के झायलोकेन २ मिली झटकन आत आणि सुई बाहेर. नाना जोरात खोकले. हा खोकला हवाच असतो, औषध तोच पसरवतो. सगळं मिळून बेरीज मर्यादेच्या आतच होती.

या खेपेला दुर्बीण स्वरतंतूंतून गेली तेव्हा नाना फक्त भुवया आक्रसून पडून होते. श्वासनलिकेची कडी दिसली, खाली दोन फाटे दिसले. गंमत म्हणजे १९६७ साली ब्रिटनमधले भूलतज्ज्ञ पीटर मर्फींनी दुर्बिणीवरून नळी घालायचा हा प्रयोग पहिल्यांदा केला तो पित्तनलिका बघायच्या दुर्बिणीनं. नळी जरा अडली, डावीकडे पाव फेरा फिरवल्यावर सरकली. कॅप्नोग्राफवर कार्बन डायऑक्साइडच्या लाटा एकामागून एक उमटल्या, म्हणजे नळी श्वासनलिकेतच होती, आणि मगच पूर्ण भुलीचं प्रोपोफोल दिलं.

ऑपरेशन सात तास चाललं. त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मी उभी होते, चार्ट लिहीत होते.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात गेले. गालावर टाके, बोलता येत नव्हतं, मावशींनी वही दिलेली. नानांनी लिहिलं, "श्वास घ्या म्हणून कोण ओरडत होतं?"

"मी," म्हटलं. आणि मग खुर्ची ओढून बसले, आणि औषध जास्त कसं झालं, का झालं, सुई आधीच द्यायला हवी होती, ते सगळं सांगितलं. मावशींचा चेहरा उतरला. नाना ऐकत राहिले. मग वही ओढली, सावकाश लिहिलं आणि माझ्याकडे फिरवली.

"आवाज लई मोठाय तुमचा."