पेशंटच्या घरी खाता का? तुम्ही विचारलंत म्हणून

मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते, याला आता 19 वर्षं झाली. परळला शिकले, लालबागला वाढले आणि काम भेंडी बाजारापासून घाटकोपरपर्यंत कुठेही. हाताखाली शिकायला येणाऱ्या मुली, लग्नात भेटलेल्या मावश्या, कधीकधी पेशंटचे शेजारीसुद्धा एकच विचारतात, की तुम्ही एवढ्या लोकांकडे जाता तर तिथे खाता का, आणि प्रत्येकाचं काहीतरी वेगळंच असतं ते विचित्र नाही का वाटत. दरवेळी घाईत दोन वाक्यांत उत्तर देते आणि मग वाटतं की नीट सांगितलंच नाही. म्हणून आज बसून लिहितेय.

खाते. जवळजवळ सगळीकडे खाते. पण सुरुवातीला मला ते जमत नव्हतं, कारण माझ्या आईने लावलेली सवय. आमच्या चाळीत नियम असा की कोणी काही विचारलं की आधी नको म्हणायचं, परत विचारलं तरी नको, तिसऱ्यांदा विचारलं की मग "बरं, अर्धा कप" म्हणायचं. पहिल्याच वेळी हो म्हटलं तर घरी आल्यावर आई डोळे वटारायची. आणि यजमानीणबाईंनाही ते माहीत असायचं, त्या तीनदा विचारायच्याच, आपला नको म्हणजे नुसती सुरुवात हे दोन्हीकडे ठरलेलं. हा नको घेऊन मी मुंबईभर फिरायला लागले आणि लक्षात आलं की चाळीच्या जिन्याखाली उतरलं की त्याचा अर्थच बदलतो.

पहिल्या वर्षीची गोष्ट, घाटकोपरला एक जैन बा होत्या, खांदा जखडलेला. डिसेंबर होता, मी पावणेसहाला पोचायचे. गेल्या गेल्या त्या म्हणायच्या, "बेन, जमी लो ने, पछी नहीं मळे." मी आपली नको नको. मला वाटलं व्यायाम झाल्यावर परत विचारतील, आणि खरं सांगते, परळहून गाडीला लटकत आलेली असायचे, भूक लागलेली असायची. पण डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि त्यांचा चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्न नाही की पाणी नाही, स्वयंपाकघराचा दिवासुद्धा बंद. परत कोण विचारणार? त्या दिवशी मी तशीच निघाले आणि दुसऱ्या दिवशी सूनबाई म्हणाली की पाहुणी घरातून उपाशी गेली म्हणून बांना रात्री झोप लागली नाही. मला फार वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी मी पाच वाजताच गेले आणि आधी जेवायला बसले.

त्या जेवणात मी पहिल्यांदा पाहिलं की बांनी ताट संपल्यावर त्यात थोडं पाणी घातलं, बोटाने सगळीकडे फिरवलं, कडेला चिकटलेला डाळीचा थेंबसुद्धा त्यात घेतला आणि ते पाणी पिऊन टाकलं. मग ताट कोरडं पुसून ठेवलं. मी बघतच राहिले. विचारलं तर त्यांनी अगदी शाळेतल्या बाईंसारखं समजावून सांगितलं, की उष्ट्यात 48 मिनिटांनी डोळ्यांना न दिसणारे जीव तयार होतात असं त्यांचं शास्त्र सांगतं, मग ताटात ओलं उष्टं ठेवणं म्हणजे त्या जिवांच्या मरणाला आपणच कारण होणं. बटाटा, कांदा, गाजर नाही, पाणी उकळलेलं, आणि ताट धुऊन प्यायचं. ऐकताना कडक वाटतं, पण त्या बाई दुखऱ्या खांद्याने ते ताट उचलायच्या आणि मला मदत करू द्यायच्या नाहीत. मग मी तोच त्यांचा व्यायाम केला. ताट किती उंच उचलता येतं ते रोज बघायचं.

चेंबूर कॅम्पला उलटं झालं. सिंधी घर, आजोबांचे गुडघे. दारात पाऊल टाकलं तर पाण्याच्या ग्लाससोबत भाजलेला पापड आला. मला वाटलं पापड आला म्हणजे ताट येतंय, तर मी घाईघाईने सांगितलं की मी जेवून आलेय. ते सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण जेवणाचं कोणी काही काढलंच नव्हतं. त्यांच्याकडे पाहुण्याला पाण्यासोबत पापड द्यायचाच. आजोबा लहानपणी फाळणीत कराचीहून आलेले, ते म्हणायचे की सिंधमध्ये उन्हातून आलेल्या माणसाला नुसतं पाणी देऊ नये, घामातून गेलेलं मीठ आधी पोटात गेलं पाहिजे. मे महिन्यात तिसऱ्या मजल्यावर जिना चढून गेल्यावर हे मला शंभर टक्के पटलं.

आता जेकब सर्कलजवळच्या आजींचं सांगते. त्या बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. बोलणं आपलंच मराठी, आडनावाच्या शेवटी कर, नऊवारीतल्या आईचा फोटो भिंतीवर आणि त्याच्या बाजूला हिब्रू अक्षरांची पाटी. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणायचे, हे त्यांनीच मला पहिल्या आठवड्यात सांगितलं. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशननंतर मी रोज जायचे. एकदा मटण आणि भात वाढला, आणि आपल्याच माणसांत बसल्यासारखं वाटत होतं म्हणून मी सहज म्हटलं, "आजी, थोडं दही आहे का?" त्यांचा वाढता हात तिथेच थांबला. रागावल्या नाहीत, म्हणाल्या, "अगं, मटणाबरोबर दही नाही चालत आमच्यात, करडाला त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये असं आहे." मग कळलं की मटणाचा रस्सा एवढा दाट होता तो नारळाच्या दुधामुळे. कोकणात राहून त्यांना ते किती सोपं पडलं असेल, नाही का? मला वाटतं जी घरं बोलायला आपल्यासारखी असतात तिथेच माणूस जास्त चुकतो, कारण विचारायचं सुचतच नाही.

त्याच आजी वॉकर सोडून दारापर्यंत चालत आल्या तेव्हा त्यांनी मलिदा केला. भिजवलेले पोहे, त्यात साखर, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा, ताटात मध्ये ढीग आणि भोवती फळं लावलेली. एलियाहू हन्नाबी, म्हणजे त्यांचे प्रेषित, त्यांच्या नावाने प्रार्थना, नवस फेडायचा असला की असं करतात. मी मागे उभी होते, तर मला बोलावून पुढे बसवलं, म्हणाल्या पाय माझे पण चालवलेस तू. तिथे मी एकदाही नको म्हटलं नाही.

पारशांकडे एकच चूक केली, आजोबांच्या वाढदिवसाला हसत विचारलं आज धानसाक असेल ना, आणि घर एकदम गप्प झालं. धानसाक म्हणजे डाळीत शिजवलेलं मटण, माणूस गेल्यावर चौथ्या दिवशी खातात ते, शुभ दिवशी कधीच नाही. शुभ दिवशी गोड शेवया आणि गोड दही. बस, एवढंच.

पण लोक जे विचित्र म्हणतात ना, त्यातलं मला खरंच टोचलेलं एकच. एका टॉवरमध्ये, नाव नाही सांगत, मी दोन महिने जात होते. पहिल्याच दिवशी चहा आला, छान आलं घातलेला, पण कप सिंकच्या खालच्या फळीवरून काढलेला, कान तुटलेला. त्याच फळीवर आणखी दोन कप होते, एक भांडी घासणाऱ्या ताईचा आणि एक ड्रायव्हरचा. साहेबांच्या कमरेला रोज हात लावणारी मी, पण कप वेगळा. माझं पिणं झाल्यावर घरच्यांनी ताईला सांगितलं, तो बाजूला धू. दुसऱ्या दिवसापासून मी तिथे चहा घेतला नाही, पाणीसुद्धा माझ्या बाटलीतलं प्यायले. काम मात्र पूर्ण केलं, एक दिवस कमी नाही की एक व्यायाम कमी नाही. तिथला माझा नको हा खरा नको होता, आणि गंमत बघा, तिथे मला दुसऱ्यांदा कोणी विचारलंही नाही.

हे मी माटुंग्याच्या घराशेजारी ठेवून बघते. तमिळ कुटुंब, ताता, म्हणजे आजोबा, पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेला, उजवी बाजू. त्यांच्याकडे ग्लासला ओठ लावत नाहीत. स्टीलचा टंबलर वर धरायचा, मान मागे करायची आणि पाणी वरून तोंडात सोडायचं. ओठ लागला की ते एच्चिल, म्हणजे उष्टं. कोणी बाहेरचं आलंय म्हणून नाही, घरातली चार वर्षांची नातसुद्धा तसंच प्यायची, आणि मीसुद्धा शिकले, पहिल्या दिवशी अर्धं पाणी ड्रेसवर. पण तातांसाठी ते जिवावरचं होतं. झटक्यानंतर गिळण्याचे स्नायू कमजोर होतात, आणि मान मागे टाकून वरून पाणी ओतलं की ते अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकतं. ठसका लागतो, आणि नेहमी लागतोच असंही नाही, पाणी गुपचूप फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. अशा पेशंटला गिळण्याची तपासणी करून बऱ्याचदा हनुवटी खाली घेऊन छोटे घोट घ्यायला शिकवतात. स्पीच थेरपिस्टने त्यांना तेच सांगितलं होतं. म्हणजे ओठ लावायलाच हवा. आणि ताता लावेनात. पूर्ण आयुष्य ज्यांनी एकदाही भांडं उष्टं केलं नाही ते आता कसं करणार? दोन दिवस ते पाणीच प्यायले नाहीत नीट, जीभ कोरडी पडली. मी समजावलं, मुलाने आवाज चढवला, काही उपयोग नाही.

तिसऱ्या दिवशी पाट्टींनी, म्हणजे आजींनी, कपाटातून एक टंबलर काढला. लग्नातला, बुडाशी तातांचं नाव कोरलेलं. तो आणि त्याची वाटी, डवरा म्हणतात ती, वेगळ्या पितळी तबकात ठेवली आणि त्यांच्यासमोर मांडली. तमिळमध्ये काहीतरी बोलल्या, मुलाने मला नंतर सांगितलं, की हा आता फक्त तुमचा, हा दुसऱ्या कोणाच्या हातात जाणार नाही, मग उष्टा कसला. तातांनी बराच वेळ ते कोरलेलं नाव अंगठ्याने चाचपलं. मग डावा हात पुढे आला, मी कोपराला आधार दिला, हनुवटी खाली, आणि ओठ लावून एक घोट. ठसका नाही. पाट्टी आत निघून गेल्या, मला वाटतं रडायलाच.

कप दोन्ही घरांत वेगळाच होता, म्हणून सांगतेय. जो नियम घर स्वतःवर लावून घेतं, तो कितीही अवघड असो, मी पाळते, सूर्यास्ताआधी जेवते, ओठ न लावता पिते, डोकं झाकते. जो नियम फक्त समोरच्यासाठी काढलेला असतो तो मी नाही पाळत.

डोकं झाकते म्हटलं ते भेंडी बाजाराचं. बोहरी घर, जुन्या इमारतीत, ती आता पुनर्विकासात पाडली. नानींचे दोन्ही गुडघे बदललेले, डॉक्टरांनी सांगितलं जमिनीवर बसायचं नाही. आणि त्यांच्याकडे जेवण म्हणजे डोकं झाकून बसायचं, जमिनीवर सफरा, म्हणजे कापड, पसरायचा, मध्ये स्टँडवर एक मोठा थाळ, आणि त्याच्याभोवती सात-आठ जण, सगळे एकाच थाळातून. नानींना खाटेवर वेगळी प्लेट दिली तर त्या दोन घास खाऊन बाजूला ठेवायच्या. वजन उतरायला लागलं, व्यायामाला ताकद नाही. मी मुलाशी बोलले, आणि त्याने पुढच्या आठवड्यात उंच स्टँड आणला, खुर्च्यांच्या उंचीचा. मी गेले तेव्हा थाळ मांडलेला होता, सात जण खुर्च्यांवर, धाकट्या नातवाचे पाय हवेत लोंबकळतायत, आणि एक खुर्ची रिकामी. मला म्हणाले बस. मी सवयीने नको म्हटलं, तर नानी म्हणाल्या, अगं थाळ मांडला की तो एकटा सोडत नाहीत आणि तुझ्यासाठी सगळे थांबलेत. हात धुवायला चिलमची-लोटा आला, नातवाने आधी प्रत्येकासमोर मीठ धरलं, सगळ्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवलं, आणि मग पहिलं काय, तर आईस्क्रीम! गोड आधी, मग खारं, मग परत गोड. शेवटी पुन्हा मीठ. थाळात भाताचं एक शीत उरलं नाही. नानी त्या दिवशी किती जेवल्या ते मी मोजत होते, आणि मुलगा पण मोजत होता, आमची नजरानजर झाली.

तर शिकणाऱ्या मुलींना मी आता एवढंच सांगते, की पहिल्या दिवशीच विचारा, तुमच्याकडे जेवायची वेळ काय, काय चालतं, काय चालत नाही. पेशंट काय खातो आणि कुणासोबत खातो हे कळलं नाही तर तो उठून उभा का राहत नाही हे पण कळत नाही. आणि भूक असेल तर पहिल्याच वेळी हो म्हणा.

माझ्या आईला अजून हे पटत नाही. गेल्या रविवारी मुलीच्या कॉलेजच्या मैत्रिणी उन्हातून आल्या, मी पाण्याच्या ग्लासांसोबत सहा पापड भाजून बाहेर पाठवले. आई स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, "अगं, जेवायला थांबणार आहेत का सगळ्या? भात टाकू?"