खोटा ससा आणि खरं ऊन

जोतिबाला जाऊन आलो, परतीच्या वाटेवर मामेभाऊ म्हणला चल तुला एक गंमत दाखवतो. करवीर तालुक्यातलंच एक गाव, नाव मुद्दाम लिहीत नाही. यात्रेतली कुत्र्यांची शर्यत! बैलगाडा लई बघितलाय पण हे पहिल्यांदाच, आणि खरं सांगतो, पहिली जोडी सुटली तेव्हा मीपण जोरात बोंबललो. ग्रेहाऊंड म्हणजे ताशी ७० च्या आसपास पळणारं जनावर, चारी पाय एकदम हवेत, डोळ्यासमोरनं गेलं की मागं नुसता फुफाटा. पुढं दोरीला बांधलेला फरचा खोटा ससा आणि ती दोरी गुंडाळायला स्टँडवर लावलेली मोटरसायकल, मागच्या चाकाला नुसती रिम. जुगाडात आपल्या लोकांचा हात कुणी धरणार नाही.

बाहेरच्या देशात गोल ट्रॅक असतो, पहिल्याच वळणावर कुत्री एकमेकांवर आदळतात, पाय मोडतात, हे वाचलेलं. इथं सरळ रान, म्हणून मला बरं वाटलं. पण शेवटाला थांबायला जागाच नाही ओ, मुरुमाचा ढीग आणि माणसं. तिसऱ्या राऊंडला एक करडी कुत्री तिथंच घसरली. जवळ जाऊन बघितलं तर पुढच्या पायाची गादी सोलून लोंबत होती, ती चाटायचंपण सोडून नुसती धापा टाकत होती. दुपारचे साडेबारा, चैत्राचं ऊन, आणि कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, जी काय उष्णता बाहेर पडायची ती जास्त करून धापा टाकून, जिभेवाटंच. मालकानं बादलीभर पाणी ओतलं अंगावर. वाईट माणूस नव्हता तो, रोज अंडी-दूध घालतो म्हणला, पाय स्वतःच्या रुमालानं बांधला. वर "पाव्हणं, फोटो मारा की" पण झालं.

मी भावाला म्हणलं हे बरोबर नाही राव. तो म्हणला, "बैलांचं २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सोडलं की, मग कुत्र्यांनी काय घोडं मारलंय?" अरे पण तो कायदा बैलगाड्यापुरता, त्यालापण कलेक्टरची परवानगी लागते, अटी पाळाव्या लागतात. इथं तर साधा जनावरांचा डॉक्टरपण नव्हता. तिकडं चीनमधल्या मकाऊचा कुत्र्यांच्या शर्यतीचा ट्रॅक २०१८ ला बंद झाला तर ५०० च्या वर कुत्री मागं राहिली, त्यांना घरं शोधताना लोकांची दमछाक झाली. न्यूझीलंडनं २०२४ ला बंदी जाहीर केली तेव्हा निदान आहेत त्या कुत्र्यांचं काय करायचं यासाठी वेळ तरी ठेवला.

निघताना त्या मालकाला सहज विचारलं, गेल्या वर्षी कुठलं पळवलं होतं? मोबाईल काढून फोटो दाखवला, गुलालानं माखलेलं, गळ्यात हार, शेजारी ढाल.

"आता कुठाय ते?"

"पायात अधू झालं. दिलं एकाला मळ्यावर राखणीला."

अंगावर चरबी नाही, केस विरळ, थंडीत कुडकुडणारं कुत्रं, आणि साखळीला बांधून राखणीला. कुणाला दिलं विचारलं तर दोन-तीन नावं घेतली, मग म्हणला, नक्की ध्यानात नाही बघा.